चपलांची तोंडं

सोहारला, ॲल्युमिनियमच्या कारखान्यामागे
पत्र्याची मशीद आहे, दोन कंटेनर जोडून केलेली.
मिनार नाही. एसी दोन,
त्यातला एक नुसताच आवाज करतो.
फजरला आम्ही चपला टाकतो सुटतील तशा,
एक उताणी, एक परक्या जोडीवर,
आणि सलाम फेरून बाहेर यावं
तर सगळ्या ओळीत, तोंडं रस्त्याकडे.
पाय नुसता सरकवायचा.

दोन वर्षं मला वाटलं, चौकीदार करत असेल.
खोटं. काहीच वाटलं नव्हतं मला.
सरकवला पाय आणि गेलो.

मी पावसकर. टाइम-ऑफिसात बसतो.
यंत्राला अंगठा कळतो,
अंगठ्यामागची सबब माझ्याकडे येते.
रमजानमध्ये शंभर जणांना इफ्तार देतो,
खजूर, ताक, बिर्याणीचा डबा,
आणि फोटो टाकतो गावच्या ग्रुपवर.
हर्णैहून मामू लिहितात, माशाल्लाह.
मग मी बघत बसतो किती अंगठे आले.
अंगठे मोजणं, तेच तर काम माझं.

हेही मोजलंय:
दिवसाच्या फर्ज नमाजांत चौतीस सजदे.
चौतीस वेळा कपाळ टेकतं, नाक टेकतं,
आणि उठलो की नाक
होतं तिथेच. वर.

मोतालेब नोआखालीचा. बराकींचे संडास धुतो.
एका महिन्यात तीनदा उशीर, दहा-दहा मिनिटं.
मी तीन दिवस कापले.
दारात उभा राहिला, काही बोलला नाही, वळला.
त्याची पाठ दारातच होती
तेव्हा मी खेडच्या कारकुनाला म्हणालो, हसत,
पायातली वहाण पायातच बरी.
मराठीत म्हणालो. म्हणजे सुरक्षित.

मग त्या पहाटे खोकला आला.
लोक दुआत होते, मी मागच्या सफातून बाहेर.
अंधारात कोणी उकिडवं बसलेलं,
दोन बोटांनी एकेक जोडी उचलून फिरवणारं.
माझ्या तपकिरी जोड्याशी थांबला नाही.
ओळखला नसेल,
किंवा ओळखला आणि फिरवला, बाकीच्यांसारखाच.

माझा हात खिशात गेला. फोनकडे.
दिव्याचा उजेड बरा पडला होता,
अंगठे भरपूर आले असते.

त्याने वर पाहिलं, चोरी पकडल्यासारखं.
म्हणाला,
साहेब, कोणाला बोलू नका.

मराठीत.
आठ वर्षं खेडच्या पोरांबरोबर एका खोलीत आहे तो.

असं म्हणायला बरं वाटलं असतं
की ती दहा मिनिटं इथेच जात होती.
ठाऊक नाही. विचारलं नव्हतं मी,
आता कोणत्या तोंडाने विचारू.
तीन दिवस परत लावले.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, चूक.
कोणाची, त्याला रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी मी आधी बाहेर आलो.
गुडघे वाजले बसताना.
चपला गरम असतात पायांनी,
हे मला माहीत नव्हतं.
एकीला सिमेंट, एकीचा अंगठा तारेने बांधलेला.
चार जोड्या फिरवल्या. पाचवी फिरवली
आणि मागे वळून पाहिलं,
कोणी बघतंय का.

कोणी नव्हतं.
आणि मला वाईट वाटलं.

तसाच बसून राहिलो, हातात कोणाचीतरी एकच चप्पल.
हर्णैला सूर्य समुद्रात बुडतो,
इथे समुद्रातून वर येतो,
एवढी वर्षं झाली तरी उलटंच वाटतं.
या उलट्या उजेडात मोतालेब आला,
शेजारी बसला,
माझ्या हातातली घेतली, तिची जोडीदारीण शोधली,
उरलेल्या लावल्या भराभर.

शेवटी एक जोडा राहिला,
तपकिरी, आतल्या बाजूला तोंड करून.
तो माझ्या लक्षातच आला नव्हता.